पाण्याखालची भाषा

साहेब, त्या रविवारी आमच्या शाळेच्या प्रिंटरमधून जो शेवटचा कागद बाहेर पडला, तो तुम्ही घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात टाकलात. मी तुमच्या बाजूलाच उभा होतो. कागदावर काय होतं ते पुढच्या दहा-पाच माणसांनी पाहिलं. मागच्या गर्दीला ते कधी कळलंच नाही. तुम्ही कळू दिलं नाहीत. म्हणून माझी मोठी आई आज दुसऱ्यांच्या पडवीत झोपते.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की तुम्ही बदनामीचा कांगावा कराल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. ती तुम्ही वाचा आणि स्वतःला ओळखा.

आमच्या काफुलू गावच्या माध्यमिक शाळेत त्या आठवड्यात जो तमाशा झाला, त्याची सुरुवात अगदी साधी होती. दुपारी वीज आली. ऑफिसला कुलूप होतं, आत माणूस नव्हता, आणि आतला प्रिंटर आपणहून घरघरायला लागला. व्हरांड्यातल्या पोरींनी खिडकीला नाकं लावली. कागदामागून कागद बाहेर पडत होते, जमिनीवर पसरत होते. कुलूप काढून काचाला सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आत गेले. त्यांनी एक कागद उचलला आणि हात भाजल्यासारखा टाकून दिला.

पानभर चिन्हं. टक्क्याची खूण, तिरप्या रेघा, कंस, आकडे. मध्येच ओळखीची अक्षरं, पण शब्द म्हणाल तर एक नाही.

दुसऱ्या दिवशी वीज आली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तोवर वरच्या वर्गातली तादाला नावाची पोरगी तापाने फणफणून वर्गातच कोसळली होती. आमच्याकडे पावसानंतर निम्मं गाव मलेरियाने फणफणतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण आता ताप आणि कागद एकत्र झाले. पोरी शाळेत यायच्या बंद झाल्या. आया घरातले मोबाईल बंद करून मक्याच्या कणगीत लपवायला लागल्या. भीती अशी पसरली की बाजारात माणसं हळू आवाजात भाव करायला लागली.

अशा वेळी संदेष्टा वायसन मासेको आल्याशिवाय कसा राहील? पांढरा सूट, पांढरे बूट, काखेत बायबल, आणि मागे तेलाच्या बाटल्यांचं खोकं घेतलेला चेला.

"ही लॅटिन नाही!" कागद डोक्यावर धरून तो ओरडला. "ही ग्रीक नाही! ही मोशेच्या बापालासुद्धा वाचता आली नसती! ही पाण्याखालची भाषा आहे! सरोवराच्या तळाशी सैतानाची कचेरी आहे, तिथला हा हुकूम आहे!"

"आमेन!" गर्दी म्हणाली.

"तिथेही वीज लागते का हो, अबुसा?" मागून कुणीतरी विचारलं. आमच्याकडे पाद्रीबाबाला अबुसा म्हणतात.

"कोण तो? त्याला पुढे आणा, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो!"

मग पुढे कोण कशाला येईल?

त्याचा खेळ असा. वीज गेलेली असताना तो ऑफिसात जायचा, प्रिंटरमधले कोरे कागद काढायचा, स्वतःच्या हाताने थोडेसे परत ठेवायचा आणि त्यांवर प्रार्थना म्हणायचा. मग अंगणात उभा राहून हात वर करायचा. "ये! तुझं नाव सांग!" थोड्या वेळाने दिवा लागायचा आणि प्रिंटर सुरू. बायका किंचाळायच्या. जरा वेळाने तो गर्जायचा, "पुरे! येशूच्या नावाने थांब!" आणि प्रिंटर थांबायचा. अहो, थांबेल नाही तर काय? कागद संपले. पण भेदरलेलं माणूस कागद मोजत बसत नाही.

त्यानंतर तेल. अंगाला नव्हे, विजेच्या बटणांना आणि मोबाईलला लावायचं तेल. माझी शाळेच्या फाटकाशी पत्र्याची टपरी आहे, लोकांचे मोबाईल मी चार्ज करून देतो. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेला प्रत्येक मोबाईल हातातून सटकत होता.

आणि शुक्रवारी त्याने नाव वाचलं.

आधी खुणा सांगितल्या. "बाई आहे. म्हातारी आहे. डोळे लाल आहेत. या दाराच्या जवळ बसते आणि लेकरांना आपल्या हातचं खायला घालते." मग कागदावर बोट फिरवत हळूहळू म्हणाला, "ए... ने... ले... सी."

एनेलेसी म्हणजे माझी मोठी आई, माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. शाळेच्या व्हरांड्यात बसून मंदासी तळते, म्हणजे पिठाचे गोड गोळे. निम्मी शाळा त्यावर पोसली आहे. डोळे लालच असणार. चुलीच्या धुरात जन्म गेला तिचा.

तिच्या कढईतलं उकळतं तेल कुणीतरी लाथेने उडवलं. मी तिला ओढत टपरीत नेलं, आत ढकललं आणि बाहेरून कुलूप घातलं. दगड पत्र्यावर आदळायला लागले. मी दारात उभा राहिलो. घाबरलो होतो, लपवत नाही. दगड मारणाऱ्यांत तिच्याच मंदासी उधारीवर खाणारे होते.

अंधारात गर्दी पांगली तेव्हा मीही आत शिरलो. रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस आम्ही त्या टपरीत काढला. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. काही खाईना. शनिवारी संध्याकाळी एकदम म्हणाली, "बोस्को, मीच असेन का रे?"

"काय?"

"झोपेत काही करत असेन. माणसाला झोपेतलं काय कळतं? तादाला त्या दिवशी माझ्याच हातची मंदासी खाऊन गेली होती. अबुसाला खोटं बोलून काय मिळणार?"

"तेलाचे पैसे मिळतात!" मी ओरडलो. पण अंगावर सर्रकन काटा आला. बाहेरच्या दगडांनी आला नव्हता एवढा. दगड पत्र्याला लागत होते. हा माणूस तिच्या डोक्यात शिरला होता.

तेवढ्यात पत्र्यावर बोटाने टकटक झाली. "बोस्को, मी आहे. लुघानो."

लुघानो बाई शाळेत गणित शिकवतात. उत्तरेकडच्या, इथे परक्या. फटीतून मी पाहिलं, तर त्यांच्या छातीशी कागदांचा गठ्ठा.

"सैतानाचे कागद घेऊन कुठे फिरताय, बाई? जाळले ना सगळे?"

"त्यांनी जाळले. मी पहिल्या तीन दिवसांचे उचलून ठेवले होते. मागची बाजू कोरी आहे, पोरांना गणितं सोडवायला कागद कुठे मिळतो? काल वह्या तपासताना दोन पानं एकावर एक आली. बोस्को, मला सांग, हा माणूस हात वर करतो आणि वीज येते, हे कसं?"

"ते सोपं आहे. वीज कधी जाणार आणि कधी येणार ते रेडिओवर सकाळी सांगतात. माझा धंदाच त्यावर चालतो. तो वेळ बघून हात वर करतो."

बाई पलीकडून म्हणाल्या, "उद्या जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर बोलते. मला भीती वाटते रे. पण बोलते."

साहेब, तुम्ही आलात. गाडी चिंचेखाली उभी केलीत, बरोबर दोन पोलीस. मोठ्या आईला टपरीत कुलपात ठेवून मीही आलो. अंगणात मुंगीला जागा नव्हती. पोरांच्या हातात पेट्रोलच्या बाटल्या होत्या, तुम्हाला दिसल्या. तुम्ही मासेकोशी हात मिळवलात.

दिवा लागला. प्रिंटर घरघरला. कागद संपले आणि तो थांबला. मासेको पहिलं पान घेऊन बाहेर आला. "पुन्हा तेच नाव! एनेलेसी!"

"अबुसा," लुघानो बाई पुढे झाल्या. "माझ्याकडेही एक पान आहे. सोमवारचं. एवढं वाचून दाखवता?"

त्याने पान घेतलं, मागची गणितं बघून नाक मुरडलं. "यात ताप लिहिलाय. लेकरांवर ताप पाठवतो म्हणून."

"एनेलेसीचं नाव?"

"यात नाही. ते नंतर आलं."

"नक्की?"

"पोरी, देवाच्या माणसाला नक्की विचारतेस?"

बाईंनी त्याच्या हातातली दोन्ही पानं घेऊन एकावर एक ठेवली आणि सूर्यासमोर धरली. "या, बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आधी या."

एक म्हातारा पुढे आला. डोळे बारीक करून पाहत राहिला. "एकच आहे की हे. खूण खुणेवर बसते आहे."

"तिसऱ्या दिवसाचंही घ्या. एकच. दर वेळी हीच पानं, याच क्रमाने. मग यांनी सोमवारच्या पानात ताप वाचला आणि आजच्या पानात नाव वाचलं, ते कुठून?"

कुजबुज सुरू झाली. पण भीती इतक्या सहज हात सोडत नाही. एकजण ओरडला, "सैतान तेच तेच लिहीत असेल! उत्तरेची बाई, तुला काय कळतं?" बाटल्या पुन्हा वर झाल्या.

बाई वळल्या. "काचाला सर, मी पाहून आले, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छपाईच्या रांगेत एकच काम अडकलं आहे. त्यावर लॅबमधल्या कॉम्प्युटरचं नाव आहे आणि सोमवारची तारीख. तुम्ही पाठवलंत ना?"

काचाला सरांनी तुमच्याकडे पाहिलं, साहेब. "मला... साहेबांनीच फोन करून सांगितलं होतं..."

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "लॅबमधले नवे कॉम्प्युटर परदेशातून देणगीत आले. ते एका पद्धतीने चालतात, ऑफिसमधला जुना दुसऱ्या. प्रिंटर एकच, जुन्याला जोडलेला. नवा जुन्यामार्फत छापू शकतो, पण प्रिंटर कुठल्या जातीचा आहे ते त्याला आधी बरोबर सांगावं लागतं. सरांनी यादीतलं पहिलं नाव निवडलं. समजा, मी माझ्या उत्तरेच्या भाषेत तुम्हाला मंदासी कशी तळायची ते सांगितलं. तुम्हाला ती भाषा येत नाही, म्हणून तुम्ही तळायचं सोडून माझे शब्दच उतरवून घेतलेत. या प्रिंटरने तेच केलं. इथे काळा ठिपका, तिथे पांढरा ठिपका, अशा सूचना होत्या. त्याने चित्र काढलं नाही, सूचनाच छापत सुटला. शेकडो पानं. संपायच्या आधी कागद संपतो, मग वीज जाते. वीज आली की जुना कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, तसा लावलाच आहे. अडकलेलं काम पुन्हा पहिल्या पानापासून पाठवतो. यात सैतान कुठे आहे?"

"दाखवा!" तो म्हातारा म्हणाला. "बोलू नका, दाखवा."

बाईंनी रांगेतलं काम काढून टाकलं. प्रिंटरमध्ये एकच कोरा कागद ठेवला, आणि प्रिंटरचं खरं नाव निवडून तेच काम पुन्हा पाठवायला अंगण ओलांडून लॅबमध्ये गेल्या. माणसं त्यांना वाट देताना अंग चोरत होती. मी ऑफिसच्या दारात. तुम्ही माझ्या बाजूला.

प्रिंटर घरघरला. कागद हळूहळू बाहेर आला. आधी केस. मग कपाळ. मग हसरे दात.

साहेब, तुम्ही होतात त्यावर. कॉम्प्युटर देणगीच्या दिवशी खोक्यावर हात ठेवून काढलेला तुमचा फोटो. कचेरीत भिंतीवर लावायला हवा होता तुम्हाला. पाण्याखालची भाषा ती हीच. तुमचं कपाळ, तुमचे दात, तुमचा टाय. माझ्या म्हातारीचं नाव ज्यात वाचलं गेलं, ते तुमचं हसू होतं.

पुढच्या रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. मागून हाका आल्या, "काय आहे? दाखवा की!"

आणि तुम्ही कागद उचललात, घडी घातलीत, खिशात टाकलात. "चौकशी होईल," म्हणालात.

त्याच वेळी बाजाराच्या बाजूला धूर दिसला. आम्ही इथे पानं जुळवत होतो, तिकडे कुणीतरी मोठ्या आईचं घर पेटवलं होतं. गवताचं छप्पर, मातीच्या भिंती. जळायला कितीसा वेळ लागणार? त्या गोंधळात मासेको मोटारसायकलवर बसून निघून गेला. कुणी अडवला नाही. तुमच्या पोलिसांनीही नाही.

त्यांनी अडवलं ते मोठ्या आईला. टपरीतून काढलं आणि गाडीत बसवलं, "तिच्याच सुरक्षेसाठी". तुम्ही हुकमावर सही केलीत: वातावरण निवळेपर्यंत हिने काफुलूत पाऊल ठेवू नये. जिने काही केलं नाही तिला हद्दपारी, आणि ज्याने नाव घेतलं तो कुठल्या तरी दुसऱ्या गावात तेल विकतोय. तादाला गोळ्या घेऊन बरी झाली, शाळेत येते. लुघानो बाईंची बदली झाली. का, ते तुम्ही सांगा.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात असा कुणी येईल. जे तुम्हाला वाचता येत नाही ते मला वाचता येतं, असं म्हणेल. त्याला तेच पान दोनदा वाचायला द्या. एवढंच करा. घाबरा हवं तर, मीही घाबरलो होतो. पण घाबरल्या हाताने का होईना, दोन कागद उजेडात धरा.

मोठ्या आईला परवा भेटून आलो. दूरच्या नातेवाइकांकडे आहे. त्यांच्या चुलीपाशी तिला जाऊ देत नाहीत. पोरांनी तिच्या हातून काही घेऊ नये अशी ताकीद आहे. निघताना तिने माझा हात धरला. "बोस्को, त्या शेवटच्या कागदावर खरंच माझं नाव नव्हतं ना?"

मी शपथेवर सांगितलं, नव्हतं. तिने मान डोलावली. पटलं नाही तिला. मी तिचाच पोरगा, मी असंच सांगणार. तिला आणि त्या मागच्या गर्दीला पटेल अशा आवाजात सांगणारा एकच माणूस आहे, आणि कागद त्याच्या खिशात आहे.

साहेब, काफुलूच्या अंगणात उभं राहायचं, घडी उलगडायची आणि म्हणायचं, "हा मी आहे. एनेलेसी नाही." एवढंच काम आहे. कधी येताय?