दुसरा दात

बन्सीलाल गुरुजींचा हात तोंडाच्या आधी सुटायचा. बाकीचे मास्तर रागावले की आधी ओरडत, मग धमकी देत, मग मारत. गुरुजी मधल्या दोन पायऱ्या गाळत. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं पोरांच्या हातांवर निरगुडीच्या छड्या मोडल्या. आता सत्तरीला टेकले होते, जळगावात मेहरूणला लेकाकडे राहत होते, रक्तदाबाची गोळी घेत होते. तरी मागच्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्याच्या कानाखाली वाजवली होती. म्हणून त्या शनिवारी पहाटे ते पिशवीत हातोडी, छिन्नी आणि चाळणी भरायला लागले तेव्हा त्यांच्या पत्नीनं, मंदाबाईंनी, दशम्या बांधून देताना एकच गोष्ट बजावली.

"तिकडे कुणावर हात टाकू नका."

"मी दात शोधायला चाललोय," गुरुजी म्हणाले. "पाडायला नाही."

दात होता शार्क माशाचा. पंचवीस वर्षांपूर्वी सहावीतल्या बादल पावरानं तो शाळेत आणला होता. करंगळीच्या पेराएवढा, तपकिरी, पार दगड झालेला. गावाजवळच्या नाल्यात सापडला, असं पोरानं सांगितलं आणि गुरुजींचं आयुष्य त्या दिवशी फिरलं. खान्देशात एके काळी समुद्र होता, असं ते पहिल्यापासून म्हणायचे आणि लोक हसायचे. दात आल्यावर हसणं थांबलं. वर्तमानपत्रात लेख आले, भाषणं झाली, सत्कार झाले, समुद्रवाले गुरुजी म्हणून नाव झालं. दात काचेच्या डबीत कापसावर निजला आणि डबी दिवाणखान्यात देवांच्या वर बसली.

आता पुण्याच्या मेघा नावाच्या एक संशोधक बाई अशा जुन्या दगडी दातांची, शिंपल्यांची पक्की यादी करत होत्या. त्यांनी फोनवर गोड बोलून वर्मावर बोट ठेवलं. दात अस्सल आहे, म्हणाल्या, पण एका दातावर समुद्र ठरत नाही. त्याच जागी दुसरा मिळाला तर तुमच्या नावानं नोंद होईल. नाही मिळाला तर पहिलाही यादीतून काढावा लागेल. यादी सोमवारी बंद. गुरुजींना दोन रात्री झोप नव्हती. दुसरा दात मिळाला नाही तर पंचवीस वर्षांचं नाव धुऊन जाणार होतं आणि सोबत समुद्रही.

यावलच्या स्टँडवर उतरले तर चहाच्या टपरीवर तोताराम भेटला. जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला, सरकारी नोकरीतला. त्यानं भर रस्त्यात पाय धरले आणि सोबतच्या चार जणांना आपला तळहात उघडून दाखवला. "या हातावर गुरुजींनी छड्या मोडल्या, म्हणून माणसात आलो," असं छाती फुगवून सांगितलं. त्या चौघांनीही मग गुरुजींना नमस्कार केला. गुरुजी सुखावले. अशा भेटींनी त्यांना आतापर्यंत कधी दगा दिला नव्हता.

बादल मोटारसायकल घेऊन आला. सदतिशीतला माणूस, कानशिलावर पांढरं, केळीचे घड ट्रकमध्ये चढवून खांदे रुंद झालेले. डाव्या बाजूनं बोललेलं त्याला कळत नसे. हे गुरुजींना शाळेपासून माहीत होतं. ते त्याला बेध्यानपणा म्हणत.

केळीच्या बागा मागे पडल्या, गाडीवाट सुरू झाली, मग तीही संपली. अंजनाच्या झाडाखाली गाडी लावून दोघं नाल्यात उतरले. मार्च सरत आला होता. नाला कोरडाठाक, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच दरडी, पिवळी माती आणि मध्ये गोट्यांचे थर. बादलनं एका दरडीच्या पायथ्याशी बोट दाखवलं आणि पहार मारायला सुरुवात केली.

गुरुजींनी त्या दगडांना वर्गासारखं फैलावर घेतलं. ढेकूळ फोडायचं, चाळायचं, फेकायचं. शिंपले निघत होते, ढिगानं निघत होते, पण ते नदीचे, गोड्या पाण्याचे. असले पोतंभर मिळाले तरी समुद्राची साक्ष देत नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. एका दगडाखालून विंचू निघाला, तो गुरुजींनी हातोडीनं एवढा ठेचला की नुसता ओला डाग उरला. मग हातोडी निसटून स्वतःच्या अंगठ्यावर बसली. नख काळं पडलं. गुरुजींनी शिवी हासडली आणि ज्या दगडावर चुकली होती त्याचा अक्षरशः भुगा केला. बादल पहार थांबवून बघत होता.

बारा वाजता गुरुजी घामानं निथळत उभे राहिले.

"नेमका कुठं मिळाला होता रे?"

"त्या... त्या वळणावर असंल, गुरुजी."

"सकाळी ही दरड दाखवलीस."

"वळणावरच."

गुरुजींनी पिशवीतून जुनी वही काढली. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: उजवा काठ, उंबराखाली. नाल्यात उंबर नव्हता. त्याचं खोडही नव्हतं. एका दाताच्या तीन जागा झाल्या होत्या. खोटं बोलणारं पोर ओळखण्यात गुरुजींची हयात गेली होती.

"बादल. इकडे बघ. खरं सांग."

आणि बादलचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा वर, बोटं जुळलेली, अंगठा आत घेतलेला. दोन लेकरांचा बाप भर उन्हात तसा उभा राहिला आणि बोलायला लागला.

"तो दात इथला नाही, गुरुजी. मामाच्या गावचा, नर्मदेच्या पल्याडचा. तिकडच्या बाया तसला दात लेकराला बांधता. दात येताना त्रास नको म्हणून, काळ्या दोऱ्यात. आमच्या रुपलीच्या, धाकट्या बहिणीच्या गळ्यात होता. तुम्ही सांगेल होतं, सोमवारी जो समुद्राची काही निशाणी आणणार नाही त्याला वीस छड्या. त्याच्या आधीच्या सोमवारी मला पंधरा पडल्या होत्या. हातानं भाकर मोडता येत नव्हती. मी रात्री विळ्यानं दोरा कापला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं, नाल्यात सापडला ना रे? मी हो म्हटलं. तुम्ही पाठीवरून हात फिरवला. तेवढा एकदाच फिरवला, गुरुजी. मग कसं सांगू? दात हरवला म्हणून मायनं जळक्या लाकडानं माझी मांडी डागली, तरी नाही सांगितलं."

गुरुजींना मांडी ऐकू आली नाही. त्यांना फक्त समुद्र वाहून जाताना दिसला. ते सत्कार, ती भाषणं, तो तोताराम, डबीतला कापूस. हे एवढं सगळं या गाढवानं फसवून आपल्या गळ्यात बांधलं! डोळ्यांपुढे लाल झालं आणि समोर तळवा होता, तयार धरलेला, हवा तेवढ्याच उंचीवर. हात वर गेला आणि खाली आला. छडी यायची तसाच आला. पुन्हा वर गेला आणि पुन्हा आला.

हातात छडी नव्हती. हातोडी होती.

पहिल्या घावाला वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्याला तसा आवाज नव्हता, ओलसर होता. बादलच्या तोंडून हुंकार निघाला, पण हात त्यानं मागे घेतला नाही. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. तळव्याची कातडी फाटून आतलं पांढरं दिसलं, मग रक्तानं ते झाकलं आणि रक्त कोपरावरून त्या नदीच्या शिंपल्यांवर पडायला लागलं. गुरुजींची हातोडी तिसऱ्यांदा वर होती.

तेव्हा बादलनं उजवा हात छातीशी धरला आणि डावा पुढे केला.

शाळेत तसा नियम होता. एका हातावर झाल्या की दुसरा. गुरुजींनीच घातलेला नियम. न सांगता जो दुसरा हात पुढे करेल तो शहाणा.

हातोडी गुरुजींच्या मागे कुठंतरी पडली. ते मटकन खाली बसले आणि त्यांना ओकारी आली. दशमीचा घास, पाणी, सगळं बाहेर पडलं. तोंड पुसून त्यांनी खांद्यावरचं उपरणं फाडलं आणि तो हात बांधायला घेतला. गाठ त्यांना बसेना, ती बादललाच दातांनी ओढावी लागली.

"हात काढून का नाही घेतलास?" गुरुजींनी विचारलं. "एवढा धडधाकट माणूस तू. मला ढकललं असतंस तर मी मेलो असतो."

बादलनं मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हटलं? या बाजूनं बोला. तो कान सातवीत तुमच्या चापटीनं गेला."

गुरुजींनी पुन्हा विचारलं. बादल जरा विचार करून म्हणाला, "काढला तर डबल पडायच्या ना."

गाडी चालवणं आता शक्य नव्हतं. बादलचा पाडा दीड कोस. बादल पुढे, हात छातीशी धरून. गुरुजी मागे, त्याच्या रक्ताचे थेंब चुकवत. दरड चढून वर आले तर फोनला रेंज आली आणि नेमका मेघाबाईंचाच फोन वाजला.

"सर, मिळाला का काही दुसरा?"

बादल थांबून वळला होता; फोनचा आवाज मोठा, त्यानं ते ऐकलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ सुकले होते, तरी तो हळूच म्हणाला, "मिळाला सांगा, गुरुजी. जागा मी दाखवली म्हणून अंगठा देतो. डाव्या हाताचा."

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस अजूनही मार चुकवत होता.

"नाही मिळाला," ते फोनमध्ये म्हणाले. "पहिलाही काढून टाका. तो इथला नाही. इथं समुद्र होता याचा माझ्याकडे काही पुरावा नाही."

"अरेरे! पण सर, इतक्या वर्षांनी कळलं कसं?"

"ज्यानं आणला त्यानं सांगितलं. मी त्याला आजवर धड विचारलंच नव्हतं, नुसतं दरडावलं होतं."

फोन ठेवल्यावर रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. ते आलं नाही. फक्त लाज वाटली, कपडे उतरवून चौकात उभं केल्यासारखी, आणि ती पावलागणिक वाढत गेली. आता पाड्यावर जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि जे वाट्याला येईल ते घ्यायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पाड्यावर पोचेपर्यंत उपरणं लाल झालं होतं. माणसं धावत आली. सगळ्यांत पुढे बादलचा चुलतभाऊ अभिमन, लाकडं फोडता फोडता उठून आलेला, हातात कुऱ्हाड तशीच.

"काय व्हयनं रे?"

"दगड पडना हातवर," बादल म्हणाला.

"दगड नाही," गुरुजी म्हणाले. "मी मारलं. हातोडीनं. दोन घाव घातले. आणि तुमच्या रुपलीच्या गळ्यातला दात हरवला नव्हता. माझ्या भीतीनं यानं तो मला आणून दिला. पंचवीस वर्षं माझ्या घरात आहे."

गुरुजींनी अभिमनच्या कुऱ्हाडीकडे बघितलं. आता बसेल, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर बसावी असंच वाटलं. पण अभिमननं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तो पिकअपची चावी आणायला घरात पळाला.

झोपडीतून गेंदाबाई आली, बादलची आई. कमरेत वाकलेली, पण नजर धड होती. तिनं लेकाचा हात उलगडून बघितला, तशी तिच्या तोंडून किंकाळी फुटली. मग तिनं गुरुजींकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळून लेकाच्या पाठीत एवढा धपाटा घातला की तो कळवळून खाली बसला.

"गुरुजीसनी मारं, म्हंजे तूच काही चुकना व्हई!" ती ओरडली. "काय बोलना रे तू त्यासले? आन् दात गुरुजीसले दिधा व्हता, तं तवय सांगं का नही? मी तुले डाग दिधाच नसता."

"चुकनू, माय," बादल म्हणाला.

"खाट टाका रे," गेंदाबाई बाकीच्यांना म्हणाली. "पहिले गुरुजीसले पानी द्या."

कुणीतरी खाट आणली. कुणीतरी तांब्या पुढे केला. गुरुजींनी तो हातानं उडवून लावला.

"अगं बाई, माझं चुकलंय! माझं! मला बोला, मला मारा!"

आवाज नेहमीसारखाच चढला. बादलसकट अख्खा पाडा माना खाली घालून उभा राहिला.