कान आधी

घोड्यांच्या डॉक्टरचा एक हेका होता: कान आधी, दुर्बीण नंतर. घोडा भरधाव पळताना श्वास आत ओढतो, तेव्हा बारीक शीळ वाजली की समजायचं, घशाची डावी नस कामातून गेली, तिकडचा पडदा उघडत नाही. पन्नास पावलांवरून तो ती शीळ पकडायचा आणि घशात बघायच्या दुर्बिणीच्या नळ्या घेऊन फिरणाऱ्या तरुण डॉक्टरांना पाहून नाक मुरडायचा. बायको गेल्यापासून मिरवावं असं त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं. मुलगी रविवारी फोन करायची, पण तीही हल्ली पुटपुटते अशी त्याची तक्रार होती.

त्या सकाळी एका तबेल्यात विकायला काढलेल्या एका घोडीची तपासणी होती. तिथल्या घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तिला लांब दोरीवर गोल पळवलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिला आणि घोडी घेणाऱ्या बाईंना त्याने छातीठोकपणे सांगितलं, घसा स्वच्छ आहे. बाईंनी तरीही दुर्बिणीचा हट्ट धरला. कुरकुरत त्याने नाकपुडीतून नळी सरकवली. उजवा पडदा झडपेसारखा उघडत होता, डावा मात्र लोळागोळा होऊन पडला होता. वरून बोटांनी चाचपलं, तर डावीकडचा स्नायूही पार झिजलेला.

एवढ्या बिघडलेल्या घशाची घोडी शीळ न वाजवता पळालीच कशी? बाईंना खोलीत बसवून त्याने घोडी पुन्हा रिंगणात नेली. शीळ आली की मोकळा हात वर कर, असं मोतद्दाराला बजावलं. घोडीने वेग धरला. हात वर गेला तो खाली येईना. डॉक्टरला नुसत्या टापा ऐकू येत होत्या.

"मघाशीही वाजत होती?"

"हो, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही स्वच्छ म्हणालात. तुमच्यापुढे मी काय अक्कल पाजळणार?"

वर्षभरात याच तबेल्यातले, निव्वळ कानाच्या भरवशावर पास केलेले घोडे डॉक्टरला आठवू लागले. त्यांतले किती वाजत होते, हे विचारायला जीभ रेटत नव्हती, तरी त्याने विचारलं. मोतद्दाराने दोरी गुंडाळण्यात वेळ काढला.

"आणखी तीन."

डॉक्टर खोलीत गेला. बाईंना म्हणाला, घोडी घेऊ नका, आणि यापुढे तपासणीला मला बोलावू नका. त्या गेल्यावर त्याने त्या तीन घोड्यांच्या मालकांचे नंबर शोधून काढले. मोतद्दार दारातच घुटमळत होता.

"आत ये, बस इथं," डॉक्टर म्हणाला. "ते काय बोलतील, ते ऐकायला कुणीतरी हवं."