नापासाचा गूळ

माझं पोरगं नापास झालं आन् गावानं गूळ वाटला. आता सांगा, हसावं का रडावं?

पाटलीण सोता खडा घिऊन दारात आली. म्हनली, "सोजरबाई, तुज्या कुंडलिकानं गावाची लाज राखली गं." गूळ तोंडात घातला, मग डोस्कं चालाय लागलं. ह्यो गूळ कशाचा? माझा कुंडलिक झोपंतबी पावकी-निमकी म्हनतो, आन् परीक्षा घ्याया आलेल्या दिपोटीसायबाम्होरं त्याला साताचा पाढा आला न्हाय? चौथी पास झाला की सोलापूरला मामाकडं जानार हुता, मोठ्या शाळंत. कापडंसुदीक बांदून ठिवली हुती.

"काय रं मुडद्या, इसरलास?" म्हनलं, तर पोरगं खाली मान घालून म्हनलं, "मास्तरास्नी इचार."

तशीच तणतणत शाळंत गेले. रुद्रप्पा मास्तर अक्कलकोटाकडचा, गरीब मानूस. मला बघून उभाच ऱ्हायला.

"मीच त्याला सांगितलं, चुकीचं बोल म्हणून," मास्तर म्हनला. "बोर्डाचा हुकूम आहे, वीस पोरं असतील तरच शाळा. आहेत बरोबर वीस. कुंडलिक गेला की शाळा बंद."

"मग माज्या लेकरानं मिशा फुटंस्तवर चौथीतच बसायचं व्हय? दुसरं पोर आना की!"

"घरोघर फिरलो, बाई. कुणी गुरांमागं, कुणी रानात. कुणीच देईना."

कुंडलिकाला धाडावं तर शाळा मोडनार, समदं गाव माज्या नावानं बोटं मोडनार. न धाडावं तर पोराचं वाटुळं. आई जेवू घालंना, बाप भीक मागू दीना, अशी गत झाली.

"साहेब उद्या वेळापूरच्या बंगल्यावर आहेत," मास्तर हळूच म्हनला. "पटावर एक नवं नाव मिळालं तर कुंडलिकाला घेऊन जातो, पाढा पुन्हा विचारा म्हणतो. मुलगी असली तरी चालेल."

मास्तर माज्या मागं बघत हुता. मी वळले. माजी लेक बजी शेळीची दोरी धरून दारात उभी. शेळ्या तीच राखती, पानी तीच भरती. पोरीच्या जातीला शाळा कशाला, असं मीच चार बायांत बोलले हुते.

"आवो मास्तर, ही शाळंत बसली तर शेळ्या कोन..."

बजीनं दोरी माज्या हातात दिली आन् जाऊन पोरांत बसली.

कुंडलिक पास झाला, सोलापूरला गेला. शेळ्यांमागं आता मी. बाया पुसत्यात, चांगलं झालं का वाईट? मला अजून कळंना बाई. पर बजी चौथीत जाईल, तवा गावात कुनी तिच्या नापासाच्या गुळाची ढेप फोडून तर बघू दे!