दोन सीझनचा प्रोफेशनल

माझं वजन एकशे बारा किलो आहे, आणि परवापर्यंत त्यातलं निदान दहा किलो खोटेपणाचं होतं. आता उतरलंय. कसं उतरलं ते सांगतो.

पुण्यात मी कसबा पेठेतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचो. उजवा कोपरा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा माझ्या हातात सापडला की तो गडी परत जायचा नाही. पुढे स्वरदाशी लग्न झालं, सासूबाईंच्या हातची बासुंदी लागली, आणि मी कबड्डीच्या वजनात बसेनासा झालो. मंडळ हळहळलं. मी काही फार हळहळलो नाही, कारण त्याच सुमारास, २०११ साली, कुणीतरी आपल्याकडे अमेरिकन फुटबॉलची पगारी लीग काढायचं डोक्यात घेतलं. त्यांना धिप्पाड माणसं हवी होती, खेळ येत नसला तरी चालणार होतं. महिन्याला पगार, वर केळी आणि उकडलेली अंडी. मी सही केली.

त्यांनी मला लाइनमन केलं. या खेळात चेंडू घेऊन पळणारे वेगळे असतात. त्यांच्या पुढ्यात पाच आडदांड गडी ओळीने वाकतात, एक हात जमिनीवर टेकतात आणि समोरून येणाऱ्यांना थोपवतात. ते लाइनमन. मधला चेंडू मागे सरकवतो तेवढंच, बाकीच्यांना तो शिवायलाही मिळत नाही आणि त्यांची नावं त्यांच्या आयांखेरीज कुणाला ठाऊक नसतात. नियम एकच ध्यानात ठेवायचा: हात टेकला की चेंडू हलेपर्यंत आपण हलायचं नाही. हात नुसता उचलला तरी पंच पिवळं फडकं टाकतो, माइकवर तुमचा नंबर सांगतो आणि अख्खा संघ पाच यार्ड मागे जातो.

सहा महिने आम्ही एका हॉलमध्ये रबरी मॅटवर सराव केला. मी दगडासारखा बसायचो. आमचा गोरा कोच सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचा. मग पहिला सामना आला. खरं मैदान, खरी माती. मी वाकलो, हात टेकला, बोटांना माती लागली, आणि माझा हात सरळ उठून कपाळाला गेला. लहानपणापासून मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायची सवय. ती मला विचारून थोडीच येते! पिवळं फडकं. पाच यार्ड. मी परत वाकलो, माती लागली, मी मनातल्या मनात तिची माफी मागितली, आणि माफी मागताना हात पुन्हा वर गेला. पुन्हा फडकं. कोचने मला बोलावलं आणि शांतपणे म्हणाला, "हॅव अ सीट."

ती सीट मी दोन सीझन सोडली नाही. दुसऱ्या सीझनच्या मध्यावर लीगच बंद पडली. म्हणजे माझी अख्खी प्रोफेशनल कारकीर्द दोन फडक्यांची. चेंडू हलला आणि मी खेळलो, असं एकदाही झालं नाही.

२०१४ साली स्वरदाला न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि मी पाच वर्षांच्या वल्लरीला कडेवर घेऊन तिच्या मागोमाग आलो. दोन वर्षांनी स्वरदाला वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये जनावरांच्या आजारांच्या लॅबमध्ये नोकरी लागली. मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागलो. तिथेच कळलं की इथल्या अमेरिकन फुटबॉल क्लबला लाइनसाठी कोच हवाय. अर्जात मी लिहिलं, 'भारतात दोन सीझन प्रोफेशनल लाइनमन.' शब्द न् शब्द खरा. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' यापेक्षा वेगळं काय होतं?

बरं, कोच म्हणून मी वाईट नव्हतो. दोन सीझन बाकावर बसून मी दुसऱ्यांचे पाय आणि हात पाहण्यावाचून दुसरं काय केलं होतं? "हात टेकला की तुम्ही दगड," हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलं की त्यांनी ते क्लबरूमच्या फळ्यावर लिहून ठेवलं. पोरं मला 'प्रो' म्हणायची. घरी वल्लरीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये माझा फोटो चिकटवला होता. स्वरदाला सगळं माहीत होतं. ती फोटोकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि भाजी चिरायला लागायची.

इथवर सगळं झाकलेलं होतं. परवाच्या डिसेंबरात मात्र मी धडधडीत खोटं बोललो, आणि तेही विरेमूशी.

विरेमू आमच्या लाइनचा मधला गडी. एकवीस वर्षांचा, लाकडाच्या वखारीत कामाला, बोलणं कमी. फायनलच्या आधीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही जिंकायला एक यार्ड बाकी असताना त्याचा हात उठला. फडकं पडलं, आम्ही पाच यार्ड मागे गेलो आणि हरलो. गुणांवर आम्ही तरीही फायनलला पोचलो, पण पोराला ते ऐकूच जाईना. तो त्याच्या युटच्या, त्या उघड्या हौद्याच्या गाडीच्या, मागे मान खाली घालून बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "कोच, तुमच्याकडून कधी झालंय असं?"

"नाही," मी म्हणालो. "नेव्हर, मेट."

का म्हणालो देव जाणे. तोंडातून निघून गेलं. त्याने मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं, आणि त्यानंतर तो एकाही सरावाला आला नाही.

गुरुवारी प्रकाशचा फोन आला. प्रकाश आमच्या क्लबचा मॅनेजर. मूळचा डोंबिवलीचा, वेलिंग्टनला आयटीत आहे, रोज ट्रेनने जातो-येतो आणि त्या प्रवासात नको ते उद्योग करतो.

"यतीन, बस खाली," तो म्हणाला. "तुझी पहिली मॅच मिळाली मला! तेव्हा मॅच दाखवणाऱ्या टीव्ही चॅनेलवाल्याला शोधून काढला. शनिवारी फायनलच्या आधी पोरांना दाखवू. चार्ज होतील रे सगळी!"

"कशाला उगाच," मी म्हणालो.

"लाजतोस काय? आणि मी अजून पाहिली नाहीये हं. सगळे मिळून बघू."

फोन ठेवला तर स्वरदा समोर उभी. विरेमूचं मी तिला त्याच रात्री सांगितलं होतं, त्यामुळे आता काही सांगायची गरज पडली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं? माझी अब्रू जाईल शनिवारी."

"तुझी अब्रू राहू दे. त्या पोराला फोन कर. बाकीच्यांना नाही सांगितलंस तरी चालेल, त्याला सांग."

"तू जरा गप्प बसतेस का?" मी ओरडलो. आपलं चुकलेलं असलं की माझा आवाज चढतो. मग मी विरेमूला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. शुक्रवारी गोदामात फोर्कलिफ्टने चीजची एक अख्खी पॅलेट आडवी केली. भीती वाटत होती, खरंच भीती. शरीराने एवढा मोठा माणूस, आणि पिवळ्या फडक्याला भ्यायलेला.

शनिवारी अकरा वाजता क्लबरूममध्ये तीसेक पोरं, भाजलेले सॉसेजेस आणि पावाच्या लाद्या. वल्लरी सगळ्यात पुढे मांडी घालून बसलेली. प्रकाशने पडदे ओढले. तेवढ्यात दार उघडून विरेमू आत आला. त्याच्या हातात किटची पिशवी होती. जर्सी, हेल्मेट, पॅड, सगळं धुऊन-पुसून. परत करायला आला होता तो. दाराजवळच भिंतीला टेकून उभा राहिला.

पडद्यावर धूर निघाला. त्या धुरातून एकेक खेळाडू पळत येत होता. माझं नाव चुकीच्या उच्चारात पुकारलं गेलं, आणि मी दिसलो. सदुसष्ट नंबर, वीस किलोंनी हलका. सीमारेषेशी वाकलो, मातीला हात लावला, कपाळाला लावला, आत गेलो. पोरांनी टेबलं बडवली. मी डोळे मिटले. आता वाकणार मी, आता हात टेकणार.

आणि पडदा काळा झाला.

"एवढंच मिळालं रे," प्रकाश खजील होऊन म्हणाला. "पुढचं त्याच्याकडे पण नाही."

सुटलो! मी धपकन खुर्चीवर बसलो, इतकं हायसं वाटलं. पोरं टाळ्या वाजवत होती. वल्लरी मागे वळून सगळ्यांना "दॅट्स माय डॅड" सांगत होती. कुणीतरी विचारलं, "कोच, ते जमिनीला हात लावून काय केलं?" मी सांगितलं, आमच्याकडे खेळायच्या आधी मातीला नमस्कार करतात. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'भारीच'. झालं. इथे मिटलं असतं सगळं.

पण विरेमू पुढे आला आणि ती पिशवी त्याने टेबलावर ठेवली. माझ्याकडे न बघता. त्याला वाटत होतं, ज्याने आयुष्यात कधी हात उचलला नाही त्या माणसाकडे काय बघायचं. ते मला बघवेना.

"थांब," मी म्हणालो. "पुढे काय झालं ते राहिलंय."

मी टेबल सरकवलं आणि कार्पेटवर वाकलो. एकशे बारा किलो, सूज आलेले गुडघे. हात टेकला. मग तो उचलून कपाळाला लावला. "फ्लॅग," मी म्हणालो. पुन्हा वाकलो, पुन्हा टेकला, पुन्हा कपाळाला. "फ्लॅग." मग उठलो, खुर्चीत जाऊन बसलो. "आणि इथे मी दोन सीझन बसलो. ही माझी कारकीर्द. विरेमू, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो. मला लाज वाटत होती. माझ्याकडून झालंय. दोनदा झालंय, आणि लागोपाठ."

खोलीत कुणी हललं नाही. सगळे दगड. मग विरेमूच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. भिंत धरून, डोळे पुसत हसत होता, आणि मग सगळी खोली हसायला लागली, प्रकाश तर सॉसेज घशात अडकून खोकायलाच लागला.

"टू इन अ रो?" विरेमू म्हणाला.

"टू इन अ रो."

"मी एकदाच केलं," तो म्हणाला, आणि पिशवीतून हेल्मेट काढलं.

वल्लरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कपाळाला आठ्या. "सो यू प्लेड झीरो प्लेज?"

"शून्य."

"अँड टू फ्लॅग्ज?"

"दोन."

तिने विचार केला. "कॅन आय टेल माय क्लास? इट्स वे फनियर."

मी हो म्हणालो. स्वरदा मागे चहा ओतत होती. तिने फक्त माझा कप माझ्या हातात दिला, पण साखर दोन चमचे घातली होती, जी एरवी मला मिळत नाही.

दुपारी नदीकडून वारा सुटला होता. पहिल्या खेळीला विरेमू चेंडूपाशी गेला. वाकण्याआधी, उभ्या उभ्याच, त्याने गवताला हात लावला आणि हेल्मेटच्या कपाळाला टेकवला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौघांनीही तेच केलं. पंच चक्रावून बघत राहिले, पण नियमात काही सापडेना. मग पाचही जण वाकले, हात टेकले, आणि दगड झाले. पिवळं फडकं पंचांच्या कमरेलाच राहिलं. ते दिवसभर तिथेच राहिलं, आमच्या लाइनसाठी एकदाही निघालं नाही.

फायनल आम्ही चार गुणांनी हरलो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी वाईट वाटून घ्यायला माझ्यात जागाच नव्हती.

सगळं आवरल्यावर प्रकाश यादी घेऊन जर्सी जमा करत फिरत होता. विरेमूची युट फाटकातून बाहेर पडत होती, मागे ती पिशवी.

"अरे, त्याची जर्सी राहिली!" प्रकाश ओरडला.

"राहू दे त्याच्याकडे," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी लागेल."