बिनरेघेचं विमान

नवरा आठ दिवसांच्या रजेवर आला आणि त्यातले चार दिवस एका लाकडी विमानाने खाल्ले. पासष्टची दिवाळी होऊन गेली होती, लढाई थांबली होती, पण माझा राग काही थांबत नव्हता. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता मी म्हातारी झालेय, बिनधास्त घेते. गुरुदास.

माझे सासरे दाजी सावंतवाडीतले चितारी. लाकडाचे आंबे, केळी अशी रंगवायचे की माशीने येऊन बसावं. गुरुदासच्या विमानदलातल्या साहेबांना टेबलावर ठेवायला विमान हवं होतं, लढाईत रंगवलं होतं तसंच. वरून बघणाऱ्याला जमिनीत मिसळलेलं वाटावं म्हणून पाठीवर हिरवे-तपकिरी डाग, पोटाला आभाळी. दाजींनी पांगाऱ्याच्या लाकडातून हातभर विमान कोरलं आणि बापलेक पडवीत बसले. जिथे हिरवा नको तिथे वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवायचे, रंग द्यायचा, सुकला की ओल्या फडक्याने कागद सोडवायचा.

मी तांदूळ निवडायच्या निमित्ताने खांबाला टेकून बघत बसायची. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे जड व्हायचे. कागद सुटला की खालून एखादं तळं निघायचं, मग डोंगर, मग नांगरलेला कोपरा. अर्धवट झोपेत मी त्या पंखावरून चालत जायची. वाटायचं, इथेच कुठेतरी आम्हा दोघांपुरतं घर असेल. राग तिथेच कुठेतरी विसरून यायची.

भीती मात्र विसरता येत नव्हती. दाजींचा थोरला मुलगा वेंगुर्ल्याहून बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. म्हणून धाकट्याला दाजींनी विमानदलात पाठवलं ते एका अटीवर: "पाय जमिनीर रवतले तर जा." गुरुदासने सांगितलं, कचेरीत कारकुनी आहे. खरं फक्त मला ठाऊक होतं. तो विमानात बसायचा, नकाशा बघून वैमानिकाला वाट सांगायचा. कळलं तर म्हातारा अन्न सोडील, म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. दोन वर्षं मी ती पाळली.

चौथ्या दिवशी गुरुदास आंघोळ करून आला, तर दाजींनी प्रत्येक डागाभोवती बारीक काळी रेघ ओढून ठेवलेली. रेघेशिवाय चिताऱ्याचं काम पुरं होत नाही. चाळीस वर्षं हाताला तेच वळण. केसाएवढी, कुठेही न थरथरलेली, सुंदर रेघ होती ती.

"दाजी, रेघ नको!" गुरुदास ओरडलाच. "रेघ दिसली काय वरसून आमका टिपतले!"

दाजींनी ब्रश खाली ठेवला. "आमका?"

दाजी माझ्याकडे वळले. "तुका ठावक होता गो?"

मी मान खाली घातली. त्या डोळ्यांपुढे शपथ कसली आणि काय कसली.

वाटलं, आता विमान चुलीत जाणार. दाजी उठले, टर्पेंटाइनमध्ये बोळा भिजवला आणि स्वतः ओढलेली एकेक रेघ पुसायला बसले. रेघेबरोबर कडाही विरघळल्या, हिरवा तपकिरीत गेला. मग त्यांनी विमान अंगणाच्या टोकाला नेलं, जिथे गवत आणि तांबडी माती एकमेकांत शिरतात तिथे ठेवलं, आणि दुखरे गुडघे सांभाळत शिडीवरून कौलांवर चढले. हा माणूस दहा वर्षांत साध्या बाकावर चढला नव्हता.

"दिसता," वरून म्हणाले. "शेपटेक तपकिरी दी."

गुरुदासने दिला.

"अजून दिसता. उजव्या पंखार, मदी."

पुन्हा दिला. ऊन कलत आलं होतं, सगळं अंगण पिवळं, सुस्त झालं होतं. एक जण वरून सांगत होता, एक जण खाली वाकून रंग देत होता. मी शिडी धरून उभी होते आणि खुशाल रडत होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

मग गुरुदास विमानापासून मागे सरकला.

"दाजी?" गुरुदासने हाक मारली.

"दिसणा नाय," दाजी म्हणाले. "खंयच दिसणा नाय. आता जा."