हरणाबाईची हरकत

पंचायतीत बाईमाणसाची जागा भरावीच लागते, म्हणून सरपंच भाऊसोने आपल्या थोरल्या भावजयीचं, हरणाबाईचं नाव दिलं. घरचं माणूस, घरचाच अंगठा. हरणाबाई कधी चावडीची पायरी चढली नव्हती. शिपाई ठरावाचं पुस्तक घरी आणायचा. ती पिठाचा हात पदराला पुसायची, अंगठा उठवायची आणि परत भाकरी थापायला बसायची.

जतकडच्या माळावरचं ते मेंढपाळांचं गाव. मोठा दुष्काळ सरून दोनेक सालं झाली होती. सांगलीकडून येणारी सडक डांबरी करायचं निघालं आणि माधवनगरचा ठेकेदार मानसिंगराव गायरानात उतरला. तळ्याच्या वरच्या अंगाला त्याने खडीचा क्रशर मांडला, शेजारी डांबराची भट्टी पेटवली. परवाना यायचा होता. "नुसती मशीन चालवून बघतोय," असं तो म्हणायचा. टेकडी मात्र रोज खरीखुरी फुटत होती.

बघता बघता तळ्यावर पांढरी साय धरली. मेंढरं पाण्याला तोंड लावून मागं सरायला लागली. हरणाबाईच्या नवऱ्याने, नाथाजीने, लोकर कातरायला घेतली तर आतल्या बारीक खड्यांनी कातरीचं पातंच खरवडून निघालं. कोकरांच्या पोटाखाली डांबराच्या गाठी.

"घोंगड्याला चालायची न्हाई ही," म्हणत नाथाजीने सगळी लोकर उकिरड्यावर नेऊन टाकली. एवढा धिप्पाड गडी, पण त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाई पुस्तक घेऊन दारात.

"कशाचा ठराव हाय?" हरणाबाईने पहिल्यांदाच विचारलं.

"क्रशर आन् भट्टीला पंचायतीची ना हरकत. ती मामलेदाराकडं गेली की परवाना मिळतोय."

"मग भावजींना सांग, मला हरकत हाय. मी चावडीवर येतीया."

ती खरंच गेली. पंच मंडळी बसली होती, मानसिंगरावही होता. हरणाबाई दाराशी न टेकता थेट सतरंजीवर जाऊन बसली.

भाऊसो कानकोंडा झाला. "वैनी, पोरास्नी काम मिळालंय. दुष्काळात खडी फोडून तुमच्याच हाताला फोड आलं हुतं. इसरला व्हय?"

"न्हाई इसरले. पर आमी खडी फोडली तवा तळं न्हवतं नासलं. सडक करा, माझी ना न्हाई. मशीन टेकडीच्या पल्याड न्या."

"पलीकडे गाडीवाट नाही, बाई," मानसिंगराव हसून म्हणाला.

"मग वाट करा. टेकडी फोडताय, वाट हुईना व्हय तुमच्यानं?"

हात वर झाले. हरणाबाई एकटी पडली आणि ठराव मंजूर झाला. बाहेर पडताना भाऊसोने तिला गाठलं. "तुमाला त्या जागंवर मी बसवलं, वैनी."

"बसवलं तुमी. उठवायचं न्हाई तुमच्या हातात."

परवान्याआधी मामलेदार जागा बघायला येणार, हे तिला चावडीवरच कळलं होतं. त्या दिवशी तळ्यावर या, असं सांगत ती घरोघर फिरली. काही बायांनी दार लोटून घेतलं, काहींनी ऐकलं. बनुबाईचा लेक जोतिबाच क्रशर चालवायचा. ती नुसतं "बघू" म्हणाली.

पाहणीच्या दिवशी बाया तळ्यावर जमल्या. बनुबाईही आली. जीप येऊन थांबली. क्रशर बंद, भट्टी थंड, जमिनीवर पाणी शिंपडलेलं. मानसिंगराव हात जोडून उभा, शेजारी भाऊसो.

"कुठाय धूळ?" मामलेदारांनी विचारलं.

हरणाबाई पुढं झाली. "सायेब, बंद मशीन बघायला एवढ्या लांब आला व्हय? चालू करायला सांगा."

"चालवणारा आज रजेवर आहे," मानसिंगराव घाईने म्हणाला.

जोतिबा तर समोरच बाभळीखाली बसला होता. बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं. नोकरी जाणार, हे मायलेकरांना दोघांनाही कळत होतं.

"ऊठ रं," ती म्हणाली. "चालीव."

इंजिन धडधडलं. दगड आत पडले आणि वाऱ्यासरशी असा लोट उठला की जीप दिसेना. साहेब खोकत रुमाल शोधायला लागले, भाऊसोचा फेटा पांढरा झाला. बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत. तोंडाला पदरसुद्धा न लावता त्या धुळीत बसून राहिल्या.

"बंद करा!" साहेब ओरडले. डोळे पुसत ते पुढं म्हणाले, "ग्रामसभा घ्या. सगळ्या गावासमोर. तोवर एक दगड फुटता कामा नये."

जोतिबाला मानसिंगरावाने तिथल्या तिथं घरी पाठवलं.

मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. बाया एवढ्या आल्या की बाप्यांना मागं सरकावं लागलं. जुना ठराव रद्द झाला. क्रशर आणि भट्टी टेकडीच्या पल्याड, वस्ती आणि पाणी सोडून लावली तरच ना हरकत, असं ठरलं. पंधरा दिवस कुरकुर करून मानसिंगरावाने पलीकडे वाट पाडली. सडक झालीच. गावातली पोरं तिथं कामालाही गेली. जोतिबाला मात्र त्याने परत घेतलं नाही. तो सांगलीला गेला. बनुबाई हरणाबाईजवळ एकदा रडली, पण केलं ते चुकलं असं कधी म्हणाली नाही.

भाऊसोने दोघा भावांच्या वाड्याच्या अंगणात मधोमध कुडाची भिंत घातली. दिवाळीला हरणाबाईने फराळाचं ताट धाडलं, ते तसंच परत आलं. पुढच्या दिवाळीला तिने पुन्हा धाडलं.

"तो आता बोलायचा न्हाई," नाथाजी म्हणायचा.

"बोलंल की. किती दिवस न्हाई बोलायचा?"

महिन्याच्या सभेला ती सगळ्यांच्या आधी जायची आणि भाऊसोच्या बरोबर समोर बसायची. सरपंच होता तो. तिथं त्याला तिच्याशी बोलावंच लागायचं.