हृदयाचं निरूपण

कला शाखेतून बारावी झालेल्या दापोऱ्याच्या तृप्तीने डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी विज्ञान नव्याने हाती घेतलं. वडिलांच्या कीर्तनात टाळ धरणारी पोर ती. जीवशास्त्रही तिने अभंगासारखं तोंडपाठ केलं. बुऱ्हाणपूरच्या क्लासात सरांनी विचारलं, "हृदयातली झडप बंद का होते?" धडा अख्खा येत होता, 'का' मात्र येईना. सर म्हणाले, "उद्या पुन्हा विचारीन. नाही आलं तर बॅच सोड."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा वडील भिकनबुवा म्हणाले, "बेटा, नुसता अभंग म्हटला तर लोक उठून जातात. निरूपण पाहिजे. आईला समजव."

आई भाकरी थापता थापता "पण का?" विचारत राहिली. तृप्ती अडली, चिडली, पुस्तक पाहून पुन्हा सांगू लागली. शेवटी आईच म्हणाली, "म्हणजे रक्त मागं फिरलं, की त्याच्याच रेट्यानं दार लागतं?"

सकाळी सरांनी विचारण्याआधीच तृप्तीने सांगायला सुरुवात केली.